आधी सामान, मग भिंत

माझ्या सासूबाईंच्या खोलीत पलंगाच्या उशाशी, भिंतीच्या बरोबर मध्यावर, जमिनीपासून दीड फुटावर एक स्विचबोर्ड आहे. वायरिंगसाठी भिंतीत झिऱ्या, म्हणजे खाचा, मारायच्या दिवशी ती भिंत मोकळी होती, वायरमनने विचारले आणि मी बोटाने जागा दाखवली. आज त्या बोर्डासमोर पलंगाची साडेतीन फूट उंच पाठ उभी आहे. उशाशी दिवा हवा, मोबाइल हवा, म्हणून समोरच्या भिंतीवरून एक्स्टेंशनची वायर आणावी लागते, आणि रात्री उठल्यावर ती त्यांच्या पायात येऊ नये यासाठी मी रोज झोपण्यापूर्वी ती गुंडाळून ठेवते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे, यावरून त्या पुराचा अंदाज यावा. गावभागातल्या आमच्या भाड्याच्या घरात छातीइतके पाणी होते. त्यानंतर, जमेल तसे पण उंचावर आणि स्वतःचे घर बांधायचे, असे आम्ही ठरवले. २०२१ च्या डिसेंबरमध्ये पाया खोदायला घेतला आणि २०२३ च्या अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत करून राहायला आलो. या घरात राहताना काय साधले आणि काय चुकले, हे आता स्पष्ट दिसते. आमच्या जवळजवळ सगळ्या चुका दोनच कारणांनी झाल्या: गिलाव्याखाली किंवा फरशीखाली जाणारे काम झाकले जाण्यापूर्वी आम्ही नीट पाहिले नाही, आणि घरात कोणती वस्तू कुठे राहणार याचा विचार भिंती उभ्या राहिल्यावर केला. रंग आवडला नाही तर पुढच्या दिवाळीला बदलता येतो. फरशीखालचा उतार चुकला तर घर पुन्हा फोडावे लागते. तरीही बांधकाम चालू असताना आमच्या घरी सगळ्यांत जास्त चर्चा झाली ती रंगाची.

जागेबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्या बाबतीत पुराने आम्हाला आधीच शहाणे केले होते. नदीकाठच्या गावात प्लॉट घेताना पूररेषेचा नकाशा पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. नकाशा पाहून झाल्यावर त्या गल्लीतल्या जुन्या माणसांना २००५ साली आणि २०१९ साली पाणी कुठपर्यंत आले होते ते विचारावे. कितीतरी घरांच्या भिंतीवर ती खूण अजूनही आहे. जोत्याची उंची ठरवताना रस्ता आहे तिथेच राहणार असे धरू नये. दर डांबरीकरणाला रस्ता दोन-तीन इंच वर येतो, आणि वीस वर्षांपूर्वी पायरी चढून जायची घरे आज पायरी उतरून जायची झालेली मी पाहिली आहेत. आम्ही जोते रस्त्यापासून तीन फूट घेतले आणि त्याचा एकदाही पश्चात्ताप झाला नाही.

आमच्या भागातली जमीन काळी आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगते. ही फुगण्या-आकसण्याची क्रिया दरवर्षी होते आणि तिच्यावर उथळ पाया घातला तर दोन-तीन पावसाळ्यांतच भिंतीत तिरक्या भेगा दिसू लागतात. त्यामुळे कठीण मुरूम लागेपर्यंत खोदायचे हे आमच्या इंजिनिअरने पहिल्याच दिवशी सांगितले आणि आम्ही ते पाळले. खरा प्रसंग पुढे आला. पाया भरून, जोत्याच्या बीम ओतून झाल्यावर आतली पोकळी भरायची होती. एका सकाळी मी तिथे पोहोचले तेव्हा खोदाईतून निघालेली तीच काळी माती ट्रॅक्टरने आत ढकलली जात होती. ती बाहेर वाहून न्यायचा खर्च वाचतो आणि मुरमाचे पैसेही वाचतात, असा त्यामागचा हिशेब होता. मी काम थांबवले. दोन दिवस ठेकेदाराशी बोलाचाली झाली, शेवटी माती बाहेर काढली गेली आणि मुरूम साधारण नऊ-नऊ इंचांच्या थरांत टाकून, पाणी मारून, धुमसाने ठोकून भराव केला. फरशी बसवल्यावर काही महिन्यांतच टाइल टकटक वाजू लागणे, कोपऱ्यात फरशी खचणे, या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा याच भरावात असते, आणि एकदा वर कोबा पडला की ते कोणालाही दिसत नाही.

स्लॅब मार्च महिन्यात पडला, सांगलीच्या उन्हात. या कामात दोन ठिकाणी डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. पहिले म्हणजे माल कालवताना मारले जाणारे पाणी. माल सैल असला की तो ओढायला सोपा जातो, म्हणून बिगारी बादलीभर पाणी जास्तीचे टाकतो, आणि तेवढ्याने काँक्रीटची ताकद घटते. साध्या घराच्या एम-२० प्रतीच्या काँक्रीटसाठी सिमेंटच्या ५० किलोच्या एका पोत्याला २७ लिटरच्या आसपास पाणी ही वरची मर्यादा आहे आणि ओल्या वाळूतले पाणीही त्यातच मोजायचे असते. दुसरे म्हणजे स्लॅब पडल्यानंतरचे पाणी. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटचे काँक्रीट किमान ७ दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटचे किमान १० दिवस सतत ओले राहिले पाहिजे. कोरड्या, उष्ण हवेत हेच दिवस अनुक्रमे १० आणि १४ होतात. आपल्याकडे घरासाठी मिळणारे सिमेंट बहुतेक पीपीसी असते, त्यामुळे १४ दिवस धरलेले बरे. सतत याचा अर्थ सकाळ-संध्याकाळ पाइपने पाणी मारणे असा नाही. स्लॅबवर सिमेंट-वाळूच्या मसाल्याची आळी करून त्यांत पाणी साठवून ठेवायचे आणि कॉलमला गोणपाट गुंडाळून ते ओले ठेवायचे. माझे यजमान रोज दुपारी दीड वाजता स्कूटरवरून जाऊन आळी भरून येत, कारण त्या वेळी साइटवर कोणीही नसे आणि आळी कोरडी पडण्याची वेळही तीच असे.

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे लिहायला घेतले तिच्याकडे येते. पाया आखताना मिस्त्री जमिनीवर चुन्याची फक्की मारतात. त्या पांढऱ्या रेघांत घर पहिल्यांदा दिसते आणि प्रत्येकाला ते लहान वाटते. ‘एवढीच खोली?’ असे आम्हीही विचारले आणि ‘भिंती उभ्या राहिल्यावर मोठी दिसेल’ या उत्तरावर समाधान मानले. त्या दिवशी त्याच रेघांच्या आत पलंग, कपाट, जेवणाचे टेबल, फ्रिज यांच्याही रेघा मारायला हव्या होत्या. त्याला अर्धा तास आणि पाटीभर फक्की एवढाच खर्च आला असता.

हिशेब किती चटकन चुकतो ते पाहा. आमची खोली १० बाय ११ फुटांची आहे. कागदावर ती छान वाटते. त्यात ६ बाय साडेसहा फुटांचा पलंग ११ फुटांच्या भिंतीला डोके करून ठेवला, की दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट राहतात, ते ठीक आहे. पण पायथ्याशी उरतात साडेतीन फूट. समोरच्या भिंतीला कपाट करायचे तर हँगर आडवा बसण्यासाठी ते दोन फूट खोल लागते. उरला दीड फूट, आणि कपाटाचे दारही दीड फुटाचे. दार उघडले की माणसाने उभे कुठे राहायचे? आम्हाला हे सुताराने माप घेतले तेव्हा कळले, आणि मग सरकत्या दारांचे कपाट करावे लागले, ज्याची एक बाजू नेहमी दाराआड राहते. भिंत थोडी सरकवून किंवा पाच फुटांचा पलंग घेऊन तो १० फुटांच्या भिंतीला डोके करून ठेवला असता तर हा प्रश्न सुटला असता, पण तो निर्णय कपाटाच्या वेळी घ्यायचा नसतोच, तो पायाच्या वेळी घ्यायचा असतो.

माझ्या नणंदेच्या घराच्या वेळी आम्ही हे सुधारले. १ फुटाला १ सेंटिमीटर असे प्रमाण धरून नकाशा काढला, पुठ्ठ्याचे पलंग, सोफा, कपाट, फ्रिज, शिलाई मशीन, देव्हारा असे तुकडे कापले आणि चार रविवार ते नकाशावर सरकवत बसलो. दारे-खिडक्या उघडतात त्या कमानीही पुठ्ठ्याच्या कापल्या, कारण दार आणि स्विचबोर्ड यांचे भांडण तिथेच कळते: दार उघडल्यावर बटणे दाराच्या मागे जातात, ही चूक मी आजवर किमान दहा घरांत पाहिली आहे. चार रविवारांनंतर दोन दारांची बाजू बदलली, एक खिडकी दोन फूट सरकली, आणि विजेचे सगळे पॉइंट सामानाच्या जागेवरून आपोआप ठरले.

विजेच्या बाबतीत आणखी थोडे. स्वयंपाकघरात किती यंत्रे आहेत हे मोजून मगच पॉइंट काढावेत. आमच्याकडे फ्रिज, मिक्सर, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र, चिमणी, ओव्हन आणि घरघंटी आहे. यांतल्या घरघंटीचा आम्हाला विसर पडला होता, आणि तिला १६ अँपिअरचा पॉइंट लागतो. दिव्या-पंख्यांना दीड, साध्या प्लगना अडीच आणि गीझर-एसीला चार चौरस मिलिमीटरची वायर, हा प्रघात वायरमनला तोंडी न सांगता कागदावर लिहून द्यावा आणि वायरचे बंडल आल्यावर त्यावरचे छापील माप स्वतः वाचावे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि नीट केलेले अर्थिंग यांत कधीही काटकसर करू नये, कारण माणसाला शॉक बसू लागला की वीज तोडणारे साधन म्हणजे आरसीसीबीच. इन्व्हर्टर आज घ्यायचा नसला तरी त्याची वेगळी वायर आजच ओढून ठेवावी. गच्चीवरून मीटरपर्यंत एक रिकामा पाइपही भिंतीत सोडावा. आम्ही तो सोडला नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत घरावर सौर पॅनेल बसवण्याची सूर्यघर योजना आली, ३ किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपयांचे अनुदान मिळते म्हणून आम्ही पॅनेल बसवले, आणि आता त्याच्या वायरचा पाइप घराच्या दर्शनी भिंतीवरून खाली उतरतो.

एक गोष्ट मात्र आम्ही मनापासून केली आणि ती उत्तम जमली: ओट्याची उंची. ‘तेहतीस-चौतीस इंच घेतात सगळे’ असे गवंड्यांनी सांगितले. सासूबाईंची उंची चार फूट दहा इंच, माझी पाच फूट तीन. शिवाय आमच्याकडे दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी असते. पोळी लाटताना जोर पुढे जातो, भाकरी थापताना तो तळहातातून खाली द्यावा लागतो, आणि ओटा उंच असला तर खांदे वर उचलून थापावे लागते. रोजच्या दहा-बारा भाकऱ्यांनंतर मानेपर्यंत कळ येते. सासूबाईंनी यावर एक उपाय काढला. विटांचे दोन ढीग रचून त्यांवर प्लायची फळी ठेवली, फळीवर घरून आणलेली काथवट ठेवली आणि ओल्या गिलाव्याच्या त्या खोलीत उभे राहून भाकरी थापायला घेतली. पीठ मळलेले डबाभर बरोबर आणले होते. एक वीट काढली, पुन्हा थापली. फळीखाली लाकडाची पट्टी सरकवली, पुन्हा थापली. मग मी थापली. मिस्त्री फूटपट्टी घेऊन शेजारी उभे होते. ‘बास, हितंच,’ असे सासूबाई म्हणाल्या तेव्हा माप आले साडेएकतीस इंच. ग्रॅनाइटची आणि खालच्या मसाल्याची जाडी त्यातून वजा करून मिस्त्रींनी भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. शेगडीसाठीही ही उंची सोयीची ठरली, कारण शेगडी स्वतःच चार-पाच इंच वर येते आणि मोठ्या पातेल्यात पाहण्यासाठी टाचा उंचावाव्या लागत नाहीत. सिंकचा भाग मात्र आम्ही तीन इंच उंच घेतला, नाहीतर भांडी घासताना कंबर वाकते. सगळे घेतात ते माप आपले असेलच असे नाही, आणि ते तपासायला दहा विटा पुरतात.

न्हाणीघरात आम्ही चुकलो. २ बाय २ फुटांच्या टाइल दुकानात सुंदर दिसल्या आणि सांधे कमी येतात म्हणून त्याच न्हाणीघरातही वापरल्या. मोठी टाइल चारही बाजूंनी जाळीकडे उतरवता येत नाही, तिला एकाच बाजूला कलवता येते. एक फुटाची टाइल असती तर कापून, वळवून उतार नीट काढता आला असता. दर चार फुटांना अर्धा ते पाऊण इंच उतार हवा. आमच्याकडे तो दाराजवळ जवळजवळ सपाट आहे. फरशी बसवली त्या संध्याकाळी मी शंका काढली तर मिस्त्री म्हणाले, ‘ताई, पाणी जातंय की.’ जात होते हे खरे, पण अर्धे. उरलेले दारापाशी थांबते आणि आंघोळीनंतर दर वेळी खराट्याने लोटावे लागते. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या घरात ओली फरशी हा धोका आहे. त्या संध्याकाळी एक बादली पाणी ओतून, ते पूर्ण जाईपर्यंत उभे राहून पाहिले असते, तर सिमेंट ओले असतानाच टाइल उचलता आली असती. टाइल बसवण्याच्याही आधी, वॉटरप्रूफिंग झाल्यावर, जाळी बंद करून किमान चोवीस तास पाणी भरून ठेवायचे आणि खालच्या स्लॅबला ओल येते का पाहायचे असते. ठेकेदाराला घाई होती आणि आम्ही त्यावर हट्ट धरला नाही. न्हाणीघराचे दार तेवढे तीन फुटांचे घेतले, कारण नेहमीच्या अडीच फुटांतून चौकट वजा जाता चाकाची खुर्ची जेमतेम जाते किंवा जातच नाही.

फर्निचरच्या बाबतीत आमची चूक घाईची होती. गिलावा झाला, पुट्टी झाली आणि लगेच सुतारकाम सुरू केले. नव्या भिंतीत महिनोन्‌महिने पाणी असते, ते बाहेर पडायला वाट लागते. बाहेरच्या पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून केलेल्या कपाटाने ती वाट बंद केली. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येचा, त्यामुळे तीच भिंत पावसात सर्वांत जास्त भिजते. पहिल्याच श्रावणात सासूबाईंची पैठणी काढायला कपाट उघडले तर कोंदट वास आला; आतली पाठ हिरवट बुरशीने भरली होती आणि पैठणीच्या घडीवर ओळीने डाग पडले होते. ती साडी त्यांच्या लग्नातली. त्यांनी काही म्हटले नाही, नुसती ती उन्हात पसरली. एक पावसाळा जाऊ द्यावा, निदान एक पूर्ण उन्हाळा भिंतींना मिळावा आणि बाहेरच्या भिंतीपासून कपाटाची पाठ इंचभर तरी दूर असावी, हे मी आता प्रत्येकाला सांगते. प्लाय घेताना दुकानदाराच्या ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर न जाता फळीवरचा शिक्का वाचावा: उकळत्या पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायवर आयएस ७१० असते, तर साध्या प्लायवर आयएस ३०३, आणि त्यातही दमट हवा सोसणारा एमआर आणि उकळत्या पाण्यालाही काही काळ तोंड देणारा बीडब्ल्यूआर असे दोन प्रकार आहेत. सिंकखाली आयएस ७१० किंवा सरळ कडप्पा वापरावा. आमचे कडप्प्याचे कप्पे जसेच्या तसे आहेत. खोलीच्या कपाटाला एवढा महाग प्लाय लागत नाही, तिथले पैसे बिजागऱ्यांत घालावेत.

दिशांबद्दल एवढेच म्हणते की श्रद्धा ज्याची त्याने जपावी, पण ऊन आणि पाऊस कुठून येतात हे सगळ्यांनी पाहावे. पश्चिमेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा नसेल तर मे महिन्यात दुपारी खोली तापते आणि जुलैत खिडकीच्या चौकटीतून पाणी आत येते. गच्चीवरची हजार लिटरची टाकी भरली की तिच्यात एक टन नुसते पाणी असते, तेव्हा ती कॉलमच्या डोक्यावरच यावी हे नकाशातच ठरवावे.

गिलाव्याच्या आदल्या दिवशी माझ्या मुलाने प्रत्येक भिंतीचे फोटो काढले होते, पाइप आणि वायरच्या झिऱ्या दिसतील असे, आणि प्रत्येक फोटोत कोपऱ्यापासून मोजपट्टी ताणून धरलेली. तेव्हा ते मला पोरकट वाटले होते. परवा न्हाणीघरात सासूबाईंसाठी आधाराचा दांडा बसवायचा होता. प्लंबरने ड्रिल लावण्यापूर्वी मुलाने मोबाइलवर तो फोटो काढून दाखवला. दांड्याचे एक भोक गरम पाण्याच्या पाइपवर बरोबर येत होते. दांडा चार इंच डावीकडे सरकवला. सासूबाईंनी तो धरून दोनदा उठून-बसून पाहिले आणि प्लंबरसाठी चहा ठेवायला मला सांगितले. फरशी दिवाळीच्या सुट्टीत काढायची ठरली आहे. या वेळी टाइल एक फुटाच्या आणल्या आहेत.